१९६५ची एमजीबी : सीटमागची बॅटरी बदलायची आहे आणि नीट बांधायचीही आहे. सल्ला हवा

रविवारचा फेरफटका

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे मामाची एमजीबी आहे, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. १९६५चं मॉडेल, दोन सीट, कापडी टप, १७९८ सीसी. मामा गेल्यावर मामीने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "विकू नकोस, चालव." तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार पहाटे काढतो.

गेल्या रविवारी सासवडहून परत येताना बोपदेव घाट उतरत होतो. वळणावर एका खड्ड्यात मागचं चाक दणकून आदळलं. पाठीमागे 'टक्' असा आवाज झाला, इंजिनाने क्षणभर श्वास सोडला आणि पुन्हा धरला. लगेच जळक्या रबराचा वास. गाडी कडेला घेतली, सीट पुढे ढकलली, कार्पेट उचललं, खालचं पत्र्याचं झाकण काढलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नसते. सीटच्या मागे, फरशीखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे लटकवलेली असते.)

आत जे दिसलं त्याने हातपाय गार पडले. बॅटरी नायलॉनच्या दोरीने बांधलेली, दोरी सैल. टर्मिनलवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता, तो जळून आरपार भोक पडलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा, कडा वितळून निळ्या पडलेल्या. म्हणजे बॅटरी उडाली, टर्मिनल झाकणाला टेकलं आणि शॉर्ट झालं. माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर!

क्लॅम्प हाताने फिरवला तर निघून आला. तो मुळात सैलच होता, आत तांब्याच्या वायरीचे वेढे भरून घट्ट केलेला. गाडी टोइंगने घरी आणली.

आता प्रश्न:
मूळ गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, मामाने कधीतरी १२ व्होल्टची एकच बसवली. मी काय करू? मेकॅनिक म्हणतो, "साहेब, पुन्हा मारुतीचीच टाका, बसते." ती बांधायची कशी? बॅटरी ज्यात बसते तो फरशीखालचा लोखंडी पिंजरा निम्मा गंजलाय. आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीच्या पत्र्याला जोडलेलं), तर आधी कुठलं टर्मिनल काढायचं?

सहज वाचतोय

गाडीचा फोटो टाका आधी!

दहाअकराचा पाना

सर्वात आधी, थांबलात आणि झाकण उघडून बघितलंत हे फार चांगलं केलंत. बरेच जण वास येतोय म्हणत घरापर्यंत जातात.

पिंजरा नीट होईपर्यंत ती बॅटरी परत बसवू नका, गाडी नुसती पार्किंगमध्ये हलवायची असली तरी.

आता जुन्या बॅटरीचं लेबल वाचून सांगा.

रविवारचा फेरफटका

३८बी२०एल.

दहाअकराचा पाना

वाटलंच होतं. हा कोड एकदा समजून घ्या, आयुष्यभर उपयोगी पडेल. ही जपानी पद्धत. पहिला आकडा ताकदीचा. 'बी' म्हणजे रुंदी १२९ मिमी आणि खोक्याची उंची २०३ मिमी. '२०' म्हणजे लांबी साधारण २० सेंमी. शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं.

आता गंमत इथे आहे. २०३ ही खोक्याची उंची. वरची टर्मिनल धरली तर ती होते २२७. त्यावर क्लॅम्प आणि क्लॅम्पचा बोल्ट. तुमच्या झाकणाखाली तेवढी जागा नाही. मेकॅनिक म्हणतो 'बसते', तर बसते खरी, पण झाकणाला टेकून बसते. बोपदेवला झालं ते खड्ड्यामुळे झालं हे खरं, पण पाया उंचीने घातला होता.

दुसरं, त्या बॅटरीची टर्मिनल बारीक असतात. तुमच्या गाडीचे क्लॅम्प जाड टर्मिनलचे. म्हणून मामांनी तांब्याची वायर भरली. तिथे रेझिस्टन्स वाढतो, गरम होतं आणि सेल्फ सुस्त फिरतो. तुमचा सेल्फ सकाळी रडत रडत फिरतो का?

रविवारचा फेरफटका

अगदी रडत! मला वाटायचं साठ वर्षांची गाडी आहे, तिचं वयच झालंय.

मूळ रूप

मी वेगळं मत मांडतो. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या विचार करून ठेवल्या. प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना एकेक, जमिनीलगत, अ‍ॅक्सलच्या पुढे. वजन खाली आणि मध्याकडे. दोन सीटर गाडीत हे सोन्यासारखं असतं. एक बॅटरी काढली की तो तोल गेला. शिवाय गाडी ज्या रूपात कारखान्यातून निघाली त्या रूपात जपणं हे आपलं काम आहे. दोन ६ व्होल्टच शोधा.

दहाअकराचा पाना

@मूळ रूप, तुमच्या भावनेला नमस्कार, पण पुण्यात त्या मापाच्या ६ व्होल्टच्या आणायच्या कुठून? जुन्या दुचाकींच्या मिळतात, त्या या गाडीचा सेल्फ हलवू शकत नाहीत. आणि दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्या की जी कमजोर ती दुसरीलाही घेऊन बुडते. जोडायला चार टर्मिनल, म्हणजे गंजायला चार जागा.

आणि खुद्द कारखान्यानेच १९७४मध्ये एकच १२ व्होल्टची बसवायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनाही पटलं होतं.

मूळ रूप

ते १९७४चं मॉडेल. ही १९६५ची आहे.

(पण ६ व्होल्ट मिळत नाहीत हे मान्य. मीही दोन वर्षं शोधतोय.)

हेरल्डची मुलगी

गाडी वेगळी, पण उंचीवरून एक आठवण आली म्हणून लिहिते.

आमच्या बाबांची स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासला जुळणी झालेली. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत राहायचो, गाडी वाड्याच्या दिंडीत उभी असायची. नवीन बॅटरी आणली की बाबा स्वयंपाकघरात यायचे आणि आईकडे कणकेचा गोळा मागायचे. लिंबाएवढे दोन गोळे, प्रत्येक गोळा प्लास्टिकच्या पिशवीत. ते टर्मिनलवर ठेवायचे, बॉनेट हलकेच बंद करायचे, पुन्हा उघडायचे. गोळा किती चेपला ते पट्टीने मोजायचे. बोटभर जाडी उरली नाही तर बॅटरी दुकानात परत.

आई म्हणायची, "पोळ्या तुमच्या गाडीला की आम्हाला?" आणि तरी दरवेळी गोळे द्यायची.

करताना वायरी सगळ्या सोडलेल्या असाव्यात, हे बाबा मला प्रत्येक वेळी बजावत. मी सात-आठ वर्षांची असेन.

ओव्हरस्टिअर

ताई, ही युक्ती अफाट आहे. उद्याच करून बघतो.

घाटवाट

+१. वाचनखूण साठवली.

तापकीर गल्ली

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. माझं म्हणणं, बॅटरी बदलताच आहात तर गाडी निगेटिव्ह अर्थ करून टाका. आज बाजारात जे मिळतं ते सगळं निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेलं असतं. माझ्या काकांच्या जुन्या इंग्लिश गाडीत मी हौसेने मोबाइल चार्जरचं सॉकेट बसवलं. सॉकेटचं बाहेरचं कडं डॅशबोर्डच्या पत्र्याला लागलेलं, आणि पत्रा पॉझिटिव्ह. चार्जर लावला, 'फट्', धूर. काका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते बघणं अजून आठवतं.

मूळ रूप

@तापकीर गल्ली, घाई नको. इग्निशन कॉइलच्या दोन वायरी उलट करणं सोपं, डायनामोला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) नवी पोलॅरिटी देणं (त्याच्या 'एफ' टर्मिनलला बॅटरीचा क्षणभर स्पर्श) हेही सोपं. पण १९६५च्या एमजीबीचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) इलेक्ट्रॉनिक आहे आणि पॉझिटिव्ह अर्थसाठी बनलेला आहे. तो उघडून आतली जोडणी बदलावी लागते. साठ वर्षं जुनं नाजूक यंत्र, काच उघडताना कडं तुटलं की संपलं. कारखान्याने निगेटिव्ह अर्थ केली ती १९६७च्या शेवटी, आणि तेव्हा डायनामो जाऊन ऑल्टरनेटरही आला. ते सगळं एकत्र बदललं होतं.

रेडिओ, चार्जर काही लावायचं नसेल तर पॉझिटिव्हच राहू द्या.

रविवारचा फेरफटका

पॉझिटिव्हच ठेवणार. या गाडीत बसल्यावर मोबाइल खिशातच बरा.

चिंचवडकर निवृत्त

उशिरा आलो, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी २८ वर्षं बॅटरीच्या कारखान्यात होतो, प्लेटा आणि जुळणी दोन्हीकडे.

सगळे सांगतात, "आधी निगेटिव्ह काढा." हे पाठ करू नका, त्याचं कारण पाठ करा. *बॉडीला जोडलेलं टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं.* आजच्या गाड्यांत ते निगेटिव्ह असतं, तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह. कारण असं: अर्थची पट्टी सुटलेली असेल तर दुसऱ्या टर्मिनलवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, सर्किट पुरंच होत नाही. उलट केलंत आणि पाना लागला, तर चांगली बॅटरी त्या एका क्षणात शेकडो अँपिअर ओतते. पाना तिथेच चिकटतो, लाल होतो. आमच्याकडे एका सहकाऱ्याच्या बोटातली अंगठी टर्मिनल आणि पट्टीच्या मध्ये सापडली होती. अंगठीचा वळ आयुष्यभर बोटावर राहिला. अंगठी, घड्याळ, कडं, सगळं काढून ठेवा. तुमच्या गाडीत तर खड्ड्यात हात घालून काम, चारी बाजूंनी पत्रा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

एक खूण सांगतो. पॉझिटिव्ह टर्मिनल निगेटिव्हपेक्षा किंचित जाड असतं. तुमच्या गाडीत बॉडीकडून येणाऱ्या पट्टीच्या क्लॅम्पचं भोक मोठं असायला हवं. लहान असेल तर मधे कोणीतरी काहीतरी बदललंय, तिथे थांबा आणि मीटर लावा.

आता बांधण्याबद्दल. लोकांना वाटतं बॅटरी जड आहे, आपल्या वजनाने बसून राहील. आत काय आहे ते बघा: शिशाच्या जाळ्या, त्यावर थापलेली पेस्ट. पॉझिटिव्हची पेस्ट तपकिरी, विटकरीसारखी ठिसूळ. प्रत्येक हिसक्याला तिचे कण सुटतात आणि तळाला चिखल साचतो. जुन्या काळ्या रबरी खोक्यांत, ज्यांचं तोंड डांबराने बंद केलेलं असायचं, त्या चिखलासाठी तळाशी मुद्दाम जागा सोडलेली असे. चिखल प्लेटांपर्यंत चढला की आतच शॉर्ट. लोक आमच्याकडे 'वर्षात मेली' म्हणून बॅटरी घेऊन यायचे. आम्ही आधी खोक्याच्या कडा बघायचो. कडा घासलेल्या, कोपरे गुळगुळीत झालेले, म्हणजे ती गाडीत नाचत होती.

उलट चूकही तितकीच वाईट. क्लॅम्प इतका आवळतात की खोकं फुगतं, झाकणाची शिवण उकलते, अ‍ॅसिड झिरपतं. बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवा. गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही. तेवढंच आवळा.

दहाअकराचा पाना

काका, हा प्रतिसाद छापून गॅरेजात लावतोय. "गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही" हे मोठ्या अक्षरात.

ओव्हरस्टिअर

रॅलीत छाननीला उभा असतो म्हणून थोडी भर. आम्ही बॉनेट उघडलं की पहिलं काम हेच, बॅटरी धरून ओढायची. हलली तर गाडी बाहेर. एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) नियमांतल्या 'परिशिष्ट जे'मध्ये बॅटरी मूळ जागेवरून हलवली असेल तर धातूची बैठक, इन्सुलेशन असलेले धातूचे दोन क्लॅम्प, किमान १० मिमीचे बोल्ट आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या पलीकडून ३ मिमी जाडीची, किमान २० चौरस सेंमीची पट्टी सांगितली आहे. पट्टी कशासाठी? नुसता बोल्ट आणि वायसर असेल तर जोराच्या धक्क्यात तो पातळ पत्र्यातून फाडून निघतो.

तुम्हाला रॅली करायची नाही, पण पाठीमागे नऊ-दहा किलोचं शिसं आहे. तो पट्टीचा मुद्दा उचलण्यासारखा आहे.

घाटवाट

मग लिथियमची लावा ना. वजनच नको.

तापकीर गल्ली

@घाटवाट, या गाडीत नको. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढून घेते आणि या गाडीचा डायनामो जेमतेम २२ अँपिअरचा. तो सतत पूर्ण भाराखाली तापत राहील. वरून जुना रिले पद्धतीचा रेग्युलेटर. ही गाडी शिशाच्या बॅटरीशीच बोलते.

सहज वाचतोय

(अवांतर) अशा गाड्यांना आता वेगळी नंबरप्लेट मिळते ना?

मूळ रूप

हो, २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी मिसळ खायला जायचं असेल तर दोनदा विचार करा.

रविवारचा फेरफटका

जुनाच नंबर चालू आहे, फिटनेससकट. मामाने सगळे कागद एका पत्र्याच्या डब्यात नीट ठेवले होते.

मूळ मुद्द्यावर येतो. १२ व्होल्टची एकच, पण मारुतीची नाही. मग कुठली?

दहाअकराचा पाना

डिन ४४ मागा. युरोपीय मापाची. लांबी २०७, रुंदी १७५, उंची १७५ मिमी. आणि यात टर्मिनल झाकणाच्या पातळीच्या खाली खोलगट जागेत बसतात, म्हणजे १७५मध्ये सगळं आलं. कुठे २२७ आणि कुठे १७५! टर्मिनल जाड, तुमचे इंग्लिश क्लॅम्प न भरता बसतील. ४४ अँपिअर-अवर या इंजिनाला पुरेसे.

इंग्लंड-अमेरिकेत एमजीबीवाले एका पिंजऱ्यात जी १२ व्होल्टची बसवतात तिचं तळाचं माप जवळपास हेच असतं, म्हणून हे नेम धरून सांगतोय. तरी आधी पुठ्ठ्याचं खोकं कापून पिंजऱ्यात उतरवून बघा. टर्मिनल डावी-उजवी अशा दोन प्रकारांत मिळते. अर्थची पट्टी न ताणता पोचेल ती बाजू घ्या.

चिंचवडकर निवृत्त

बरोबर सांगितलंत. एक लक्षात ठेवा, या बॅटरीच्या तळाला बाहेर आलेली कड असते. युरोपीय गाड्यांत त्या कडेवर पाचर दाबून बॅटरी धरतात. तुमच्या गाडीत वरून आडवी पट्टी आणि दोन लांब सळया अशी पद्धत. वरची पट्टी टर्मिनलपासून लांब, मधोमध जाईल अशी करा आणि तिच्यावर रबराची नळी चढवा.

आणि फार महत्त्वाचं: पिंजरा वेल्डिंगने दुरुस्त करणार असाल तर पेट्रोलचा पंप कुठे आहे ते आधी बघा. या गाडीत तो तिथेच, उजव्या पिंजऱ्याच्या शेजारी असतो. टाकी त्याच्या मागे. ठिणगी आणि पेट्रोलची नळी एका हाताच्या अंतरावर. शक्यतो पिंजरा बाहेर तयार करून बोल्टने बसवा. तिथे झाकण बंद ठेवून बॅटरी चार्जही करू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो.

रविवारचा फेरफटका

काका, पंप तिथेच आहे! किल्ली फिरवली की टिकटिक ऐकू येते. वेल्डिंग रद्द.

(तीन आठवड्यांनी)

रविवारचा फेरफटका

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही पिंजरे खरवडले. डाव्या बाजूचा, ज्यात बॅटरी होती, तो बोट लावलं तर पापडासारखा मोडत होता. वर्षानुवर्षं झिरपलेलं अ‍ॅसिड आणि चाकांनी उडवलेला पावसाळी चिखल. उजवा रिकामा होता, त्याचे चारी कोपरे शाबूत होते. तो नमुना धरून भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने नवा करून दिला, डाव्या बाजूचा म्हणून आरशातल्यासारखा उलटा. अँगलचा, तळाला पाणी जायला चार भोकं. उजवा जुना पिंजरा पंधरा मिनिटं निरखून तो म्हणाला, "साहेब, हे ज्याने पहिल्यांदा केलं ना, त्याने हात राखला नाही." त्याने पैसे घेतले पण चहा स्वतःच्या खर्चाने पाजला.

खड्डा खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला. पहिल्यांदा ओतलं तेव्हा कोपऱ्यांत फसफसून पांढरा फेस आला. फेस यायचा थांबेपर्यंत धूत राहिलो, चौथ्या बादलीला थांबला. दोन दिवस वाळवून इपॉक्सी प्रायमर, वर काळा रंग. पिंजरा बोल्टने बसवला, प्रत्येक बोल्टच्या पलीकडे ३ मिमीची पट्टी (ओव्हरस्टिअर, धन्यवाद). तळाला जुन्या फ्लोअर मॅटचा तुकडा, भोकांच्या जागी कापून.

बॅटरी डिन ४४. पाटावर पाट बसावा तशी बसली. वरून आडवी पट्टी, दोन सळया, नायलॉक नट. घट्ट करताना काकांचं वाक्य मनात होतं. दोन्ही हातांनी धरून हलवली, गाडी स्प्रिंगवर डुलली, बॅटरी जागची हलली नाही.

अर्थच्या क्लॅम्पचं भोक खरंच मोठं निघालं. पॉलिश पेपरने आतून घासलं, शिसं चांदीसारखं चमकलं. तांब्याचे ते वेढे काढून मामाच्या कागदांच्या डब्यात ठेवले आहेत. टाकून द्यावेसे वाटले नाहीत.

आणि कणीक! मामीकडूनच मागितली. ती विचारायला लागली कशाला, तर हा धागा वाचून दाखवला. हसली आणि दोन गोळे करून दिले, पिशवीत घालून. वायरी सुटलेल्या असतानाच झाकण लावलं, काढलं. गोळ्यांना झाकणाचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता. पुन्हा मोठे गोळे घेतले, तेव्हा चेपले. दोन बोटं जागा मोकळी आहे. तरीही झाकणाला आतून जाड रबर चिकटवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा त्याखाली गेला.

मग आधी सेल्फची वायर, शेवटी अर्थ. टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. किल्ली फिरवली, टिकटिक झाली, थांबली. सेल्फ एका दमात फिरला. मी या गाडीचा असा सेल्फ कधी ऐकलाच नव्हता.

जुनी बॅटरी दुकानदाराने वजनावर पैसे देऊन परत घेतली.

हेरल्डची मुलगी

मामींना माझा नमस्कार सांगा. हे वाचून बाबांची खूप आठवण आली.

मूळ रूप

उत्तम काम. उजवा पिंजरा काढून टाकू नका. माझ्या शोधाला यश आलं तर ६ व्होल्टच्या दोन जोड्या घेईन, एक तुम्हाला.

घाटवाट

गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी असते म्हणालात. चार्जिंगचं काय? आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जर लावला तर सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'सामायिक विजेचा वैयक्तिक वापर'.

तापकीर गल्ली

@घाटवाट, देखभालीचा छोटा चार्जर एका झिरोच्या बल्बपेक्षा फार खात नाही. हिशेब लिहून दाखवा, नाहीतर स्वतःच्या मीटरवरून वायर घ्या.

पण त्याआधी गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजा. ५० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ४४ची बॅटरी पाच आठवड्यांत तळाला. एमजीबीत घड्याळ, अलार्म काही नसेल तर ही गळती जवळपास शून्य हवी. नसेल तर मेन स्विच बसवा, तो अर्थच्या पट्टीवर.

रविवारचा फेरफटका

मोजलं, मीटरवर काहीच दिसत नाही. पण एक शंका आली. परवा संध्याकाळी कर्वे रस्त्याला गर्दीत अडकलो, हेडलाइट चालू. सिग्नलला इंजिन हळू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत होता. नवी बॅटरी, आणि हे काय?

चिंचवडकर निवृत्त

घाबरू नका, डायनामोचा स्वभावच तो. इंजिन हळू असताना तो चार्ज करत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो. थोडी रेस दिली की दिवा विझतो ना? मग ठीक. पण संध्याकाळच्या गर्दीत हेडलाइट लावून तासभर रेंगाळलात तर घरी येईपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असेल. त्या दिवशी रात्री चार्जर लावा, झाकण उघडं ठेवून. गाडी पहाटेची आहे, पहाटेच काढा.

एक काम करा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काही चालू न करता व्होल्ट मोजा आणि इथे लिहा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी.

रविवारचा फेरफटका

आज पहाटे साडेपाचला मोजले, १२.६५. मामी शेजारच्या सीटवर बसली होती, थर्मासमध्ये चहा घेऊन. बोपदेवमार्गे सासवडला गेलो आणि त्याच रस्त्याने आलो. त्या खड्ड्यावरून मुद्दाम गेलो, हळू. मागून काहीच आवाज आला नाही. घरी येऊन झाकण उघडलं, रबरावर धूळसुद्धा हललेली नव्हती.

चिंचवडकर निवृत्त

१२.६५ छान आहे. पुढच्या महिन्यात सळयांचे नट एकदा तपासा, नवं रबर दबतं.